सोलबाक्कीहून, दोघांकडून

सोलबाक्की, ह्रीसवीक
१९ डिसेंबर १९८६

लाडक्या दीसास,

तू खुशाल असशील, कोपनहेगनच्या ओल्या हवेत तुझे गुडघे फार कुरकुरत नसतील आणि तुझा नवरा अजूनही स्वतःच्या विनोदांवर स्वतःच आधी हसत असेल, असं धरून चालते. आम्ही इकडे बरे आहोत. हे पत्र तुला नाताळच्या आत मिळायचं नाही. दरवर्षी मिळत नाही, आणि दरवर्षी तू उलट टपाली "अगं म्हातारे, नाताळचं पत्र नोव्हेंबरात टाकायचं असतं" म्हणून सुनावतेस. यंदाही सुनाव. तुझी बोलणी खाल्ल्याशिवाय मला नवीन वर्ष लागल्यासारखं वाटत नाही.

कालपासून बर्फ पडतोय. वारा अजिबात नाही, त्यामुळे तो सरळ खाली येतो, कसलीच घाई नसल्यासारखा. आधी कुंपण दिसेनासं झालं, मग पायऱ्या. सूर्य तर नोव्हेंबरातच डोंगराआड गेला, तो आता जानेवारी संपताना उगवेल. घराला सोलबाक्की, 'उन्हाचा काठ', असं नाव देणाऱ्या माझ्या आजेसासऱ्यांनी इथला एकही हिवाळा पाहिला नव्हता की काय, कोण जाणे. दुपारच्या जेवणाच्या वेळेला तेवढा निळसर उजेड येतो आणि थोडा रेंगाळून जातो. तो आला की मी दिवा मालवते आणि विणकाम घेऊन खिडकीशी बसते. सुया चालू असतात, पण मी कुठे असते ते विचारू नकोस. काल मी आईच्या स्वयंपाकघरात होते. तू टेबलाखाली बसून कच्चं पीठ खात होतीस आणि आई म्हणत होती, "दीसा, पोटात पोळी फुगेल हं!" भानावर आले तेव्हा चार ओळी विणून झाल्या होत्या आणि एकही टाका चुकला नव्हता.

घाट आज सकाळी बंद झाला. टपालाची गाडी पलीकडेच अडकली आहे, विमानाचं तर नावच काढायला नको. म्हणजे हिल्दुर यंदा राजधानीतच अडकली. फोनवर लेक रडवेली झाली होती, मीच तिची समजूत घातली. हे पत्रही आता खिडकीतच पडून राहणार. तेव्हा रोज थोडं थोडं लिहीत जाईन.

नक्षीच्या पोळ्या झाल्या. यंदा एकटीनंच केल्या. एकटीनं म्हणजे, बेर्गस्वेन शेडवर होता. तुला आठवतं ना, कागदासारखी पातळ पोळी लाटून ज्यानं त्यानं आपापली नक्षी कापायची आणि मग ती चरबीत तळायची? आईची चांदणी, हिल्दुरची झाडाची फांदी, तुझं ते काय असायचं देव जाणे, तू त्याला मासा म्हणायचीस. बेर्गस्वेनला एकच नक्षी येते, जाळ्याच्या डोळ्यांची. लग्नाच्या पहिल्या नाताळला "मला एवढंच येतं बुवा" म्हणाला होता, त्यानंतर दुसरं काही शिकायच्या फंदात पडला नाही. परवा माझ्या हातून एका पोळीवर आपोआप जाळंच कापलं गेलं. तळली, आणि डब्यात सगळ्यात खाली ठेवली, वरून दिसायला नको म्हणून.

मग पोस्टात गेले, रेडिओवरच्या शुभेच्छा द्यायला. तेवीस तारखेला त्या वाचतात तेव्हा सबंध देश हातातलं काम चालू ठेवून कान तिकडे लावून बसतो. तुला तिकडे राहून राहून याचा विसर पडला असेल. खिडकीत अजून फ्योलाच आहे, तीच लोकरी टोपी, तोच चष्मा. मला बघून म्हणाली, "ये गं राग्ना. दरवर्षीचंच ना?" मी म्हटलं, "हो, दरवर्षीचंच." आणि घरी आले. बेर्गस्वेन शेडवर होता.

आता तू म्हणशील, पत्रात शेड फार वेळा आली. शेडवर एवढं काय काम निघालंय? बरं, लिहूनच टाकते. दीसा, तो तिथेच राहतो. ऑक्टोबरपासून. तुला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काय होतं? नवरा कोपनहेगनला पळून गेला असता तर कळवलं असतं. हा तर आमच्याच खिडकीतून दिसतो.


२१ डिसेंबर

बर्फ थांबला नाही. घाट बंदच.

परवा तसं अर्धवट लिहून ठेवलं आणि दोन दिवस पत्राकडे बघितलं नाही. आज वाचलं तर वाटलं, तू काहीतरी भलतंच समजशील. तसलं काही नाही. दारू नाही, दुसरी बाई नाही. आपल्या खाडीत दुसरी बाई कुठून आणायची, फ्योला?

तुला माहीत आहे, चाळीसेक वर्षं तो समुद्रावर होता. वर्षभर बाहेर, मध्ये मध्ये चार दिवस घरी. नाताळला मात्र न चुकता असायचा, कारण नाताळला सगळ्या बोटी बंदराला लागतात. इतर बायका नवऱ्यावर संसार करतात, मी वाट बघण्यावर केला. आणि चांगला केला, दीसा. घराचं छप्पर मी बदलून घेतलं, हिल्दुरला मी वाढवली, सासूबाईंचं शेवटपर्यंत मी केलं. त्याच्या बोटीचा दिवा खाडीच्या तोंडाशी दिसला की आंघोळीचं पाणी तापवायचं, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की एकदा परक्याच बोटीच्या दिव्यावर पाणी तापवून बसले होते.

मे महिन्यात तो कायमचा घरी आला. पहिला आठवडा मजेत गेला. मग त्यानं माझ्या स्वयंपाकघराची बोट करायला घेतली. प्रत्येक कपाला खुंटी. फळीच्या कडेला लाकडी पट्टी, का, तर घर हललं तर बरण्या पडू नयेत म्हणून. मी म्हटलं, "बेर्गस्वेन, घर हलत नाही." तर म्हणतो, "आजवर हललं नाही एवढंच." पहाटे चार वाजता बूट घालून तयार. नाश्त्याला बसला की मला विचारायचा, "आज काय करायचंय?" मी जशी काही त्याची कप्तान! मी या खोलीत गेले की हा या खोलीत, त्या खोलीत गेले की त्या खोलीत. माझी लोकर त्यानं रंगवार लावून ठेवली. दोन महिने मला करडी लोकर सापडत नव्हती.

तू हसत असशील. हस. मीही हसत होते, उन्हाळ्यात.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी सूप पिताना मी म्हटलं, जरा फ्योलाकडे जाऊन येते. त्यानं विचारलं, "किती वाजता येशील?" बस, एवढंच विचारलं. दीसा, आयुष्यभर हे मी विचारत आले. त्याला विचारलं, बंदरावर विचारलं, रेडिओला विचारलं. मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मला एकदम कुणीतरी खोलीत कोंडून बाहेरून कडी घातल्यासारखं झालं आणि तोंडातून निघून गेलं, "समुद्रावर होतास तेव्हाच बरा होतास रे तू."

त्यानं सूप संपवलं, वाडगा धुतला, त्याच्या खुंटीला लावला, उशी काखेत मारली आणि खाली होडीच्या शेडवर गेला. मला वाटलं, येईल तासाभरात.

नंतरचं तुला सांगायला मला लाज वाटते, पण तुला नाही तर कुणाला सांगू? पहिले काही दिवस मला बरं वाटलं. घर पूर्वीसारखं झालं. मी रेडिओ मोठ्यानं लावला, लोकर सगळी खाली काढून पसरली. आणि मग एका संध्याकाळी भांडी पुसताना खाली शेडच्या खिडकीत दिवा लागलेला दिसला, आणि माझा हात नळाकडे गेला, आंघोळीचं पाणी तापवायला.

तेव्हापासून माझं हे असं चाललंय. दिवा लागेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो, लागला की शांत वाटतं. पुन्हा वाट बघते आहे, दीसा, आणि खरं सांगू? ते गोड लागतंय. तो इथून हाकेच्या अंतरावर आहे. "ये" एवढं म्हटलं की येईल. पण आला की परत खुंट्या आणि परत 'किती वाजता'. मग मला त्याची आठवण येणं बंद होईल. त्याला घरी बोलवावं तर या आठवणीला मुकायचं, आणि न बोलवावं तर हा नाताळ त्यानं शेडमध्ये काढायचा. वर्षभर नसायचा आणि नाताळला असायचा तो माणूस यंदा उन्हाळाभर घरी होता आणि नाताळला नाही. उद्या परवाकडे बोलवायलाच हवं. कसं बोलवायचं तेच मला येत नाही, कधी वेळच आली नव्हती.


२२ डिसेंबर

आज सकाळी मागचं दार उघडलं तर कडीला दोन पांढऱ्या बर्फकोंबड्या टांगलेल्या. दरवर्षी नाताळच्या जेवणाला तोच मारून आणतो. पाऊलखुणा बघायला वाकले, पण बर्फानं सगळ्या बुजवल्या होत्या. आपसूक आल्या म्हणावं तर तसंच वाटत होतं. मी त्या सोलून ठेवल्या. दोन आहेत. एकटीला एक पुरते.

हातमोजे संपत आलेत. नाताळला घरातल्या प्रत्येकाला एक तरी नवं वस्त्र मिळायला हवं, नाहीतर नाताळचं मांजर येऊन खातं, हे आपल्याला सांगून सांगून आजीनं किती घाबरवलं होतं! मी बेर्गस्वेनला दरवर्षी समुद्रावरचे हातमोजे विणते, दोन अंगठ्यांचे. दोर ओढून तळवा झिजला की मोजा उलटा फिरवायचा आणि दुसऱ्या अंगठ्यात अंगठा घालायचा. यंदा ठरवून एकच अंगठा घालायचा होता. जमिनीवरच्या माणसाला दुसरा कशाला? पण मघाशी त्या निळ्या उजेडात माझी तंद्री लागली, मी पुन्हा कुठेतरी गेले, या खेपेला बंदराच्या धक्क्यावर, हिल्दुर माझ्या कडेवर होती आणि बोट येत होती. परत आले तर दुसरा अंगठा विणून झालेला. उसवायला सुई घेतली. एक अंगठा उसवला तर तो म्हणेल, हिनं माझा समुद्र संपवला. ठेवला तर म्हणेल, परत हाकलतेय. सुई तशीच बाजूला ठेवली.


२३ डिसेंबर, दिवेलागण

आज साऱ्या गावात आंबवलेल्या पाकट माशाचा वास भरलाय. आठवतो तुला? एकदा नाकात गेला की डोळ्यांतून पाणी, डोक्यात झिणझिण्या, आणि पडद्यांना तो नवीन वर्षापर्यंत सोडत नाही. म्हणून तर पाकट घरात शिजवायचा नाही असा माझा नियम आहे, बाहेर शेडवरच. म्हणजे आज बेर्गस्वेन हक्कानं शेडवर आहे. आजच्या दिवशी गावातले अर्धे नवरे शेडवर आहेत.

मी धुरावलेलं मटण शिजायला ठेवलं, फरशी पुसली आणि रेडिओ लावला. दीसा, तुझ्या सगळ्या कोपनहेगनात याच्या तोडीचं काही नाही. ती बाई एका सुरात वाचत जाते, गावामागून गाव, घरामागून घर. अमुक वाडीचे अमुक, सर्व आप्तांना शुभेच्छा, सरत्या वर्षाबद्दल आभार. कुणाचं कोण ते माहीत नसतं, पण ऐकता ऐकता सगळी माणसं बर्फातून कंदील घेऊन आपल्या खिडकीवरून चाललीत असं वाटायला लागतं. मी फरशीवर बसूनच राहिले, ओलं फडकं हातात. बाई एकेक जिल्हा ओलांडत आपल्या खाडीत शिरली.

आणि म्हणाली, "खाडीतल्या आणि खाडीबाहेरच्या सर्व आप्तेष्टांना आनंदी नाताळ. सरत्या वर्षाबद्दल मनापासून आभार. सोलबाक्कीहून, राग्ना आणि बेर्गस्वेन."

मी ताडकन उठले. दरवर्षीचंच! दरवर्षीचं म्हणजे दोघांचं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही बघ. तोंडातून निघून गेलं आणि फ्योलानं तसंच पुढे पाठवलं. आता सबंध देशानं ऐकलं. देशाचं काही नाही, पण गावानं ऐकलं, आणि गावाला माहीत आहे तो कुठे झोपतो ते.

फोन लगेच वाजला. हिल्दुर.

"आई, ऐकलं मी तुमचं! इतकं बरं वाटलं! बाबा कुठेत?"

"शेडवर. पाकट उकडतोय."

"अजून? आज तरी त्यांना लवकर घरात घे गं. थंडीत कुडकुडत असतील."

बघ, एक अक्षर खोटं बोलले नाही. फोन ठेवला आणि खिडकीशी गेले. शेडच्या खिडकीत दिवा होता. त्याच्याकडेही रेडिओ असतो, दिवसभर चालू. मी बघत असतानाच तो दिवा मालवला गेला. मी काचेवरची वाफ बाहीनं पुसली. मग थोड्या वेळानं पुन्हा लागला. वात बदलली असेल. का तो दारात येऊन घराकडे बघत उभा होता?


२५ डिसेंबर

नाताळच्या शुभेच्छा, दीसा. बर्फ काल रात्री थांबला. आज सगळं इतकं गप्प आहे की पलीकडच्या काठावरचं कुत्रं भुंकलं तरी आपल्या अंगणात वाटतं.

काल काय झालं ते सांगते.

सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. टेबलावर दोन ताटल्या मांडल्या. एक उचलली. मग पाहुण्यांसाठी असू दे म्हणून परत मांडली. या बर्फात कोण पाहुणा येणार होता? कोंबड्या दोन्ही भाजायला घातल्या. बाहेर अंधार पडला, सगळ्यांच्या खिडक्यांत सात दिव्यांच्या कमानी लागल्या. सहा वाजता रेडिओवर चर्चच्या घंटा होतात आणि नाताळ लागतो. त्याआधी सगळ्यांनी आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून टेबलाशी असायचं, ही आईची शिस्त. मी कपडे बदलले, केस विंचरले, आणि कोट घेतला. जाऊन बोलवणारच होते, दीसा, देवाशपथ. एक बाही घातली आणि दारावर थाप पडली.

तो होता. अंगभर बर्फ, हातात पाकटाचं पातेलं, आणि वास असा की माझ्या नाकातले केस जळले. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही."

"एकच बाही घातलीयेस."

"असू दे. तुझं काय काम होतं?"

त्यानं पातेलं पायरीवर ठेवलं. "काल संध्याकाळपासून माझ्या दारात रीघ लागलीय," म्हणाला. "बरं झालं घरी गेलास, बरं झालं घरी गेलास. पलीकडचा यॉरुन्डूर तर मिठी मारून गेला. मी शेडच्या दारात उभा, हातात झारा, आणि लोक मला सांगतायत की मी घरी आहे. काय उत्तर द्यायचं माणसानं?"

"मग काय दिलंस?"

"पाकट दिला."

मला हसू आलं ते मी दाबलं. तोही हसला नाही. खाली बुटांकडे बघत म्हणाला, "राग्ना, एवढंच विचारायला आलो. फ्योलानं जुनंच उतरवून पाठवलं असेल. तिची चूक असेल तर तसं सांग. मी शेडवर जातो, लोकांना काय सांगायचं ते सांगतो. मला राग नाही."

आत कोंबड्या करपायला लागल्या होत्या. सहाला थोडाच अवकाश होता. मी म्हणू शकले असते, हो, फ्योलाची चूक. तो गेला असता, आणि मी जन्मभर त्या दिव्याकडे बघत सुखानं बसले असते. दीसा, हा मोह किती मोठा होता ते तुला सांगता येत नाही.

मी म्हटलं, "चूक नाहीये."

"काय?"

"चूक नाहीये म्हटलं. कुणाची नाही."

त्यानं टोपीवरचा बर्फ झटकला. मग म्हणाला, "मी घरात आलो की तू वैतागतेस."

"वैतागते."

"मग?"

"मग काय? वैतागेन. मला सवय नाही रे तुझी. वाट बघायची सवय आहे, तुझी नाही. ती आता लावायला घेतली तर लागेल का, हेही मला माहीत नाही." आणि मला रडू आलं, कोट अर्धा अंगात आणि अर्धा लोंबत. "पण तू तिथे एकटा जेवलास तर मला घास जायचा नाही."

तो म्हणाला, "मलाही सवय नाही. तुला काय वाटलं, मला आहे? मी बोटीवर कुणालाही विचारून कप लावत नव्हतो." आणि मग जरा थांबून, "आत येऊ का?"

"असा? या वासात? सरळ आंघोळीला जा. पाणी तापलंय."

"कधी तापवलंस?"

मी त्याच्या हातात टॉवेल दिला. तो गेला आत, बूट दारात काढून. मी कोंबड्या वाचवल्या, रेडिओ लावला. न्हाणीघरात पाण्याचा आवाज होत होता. आणि तो पाण्यात असतानाच सहा वाजले आणि घंटा सुरू झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात नाताळ लागताना एक माणूस टबमध्ये होता. आई असती तर तिनं कपाळावर हात मारला असता.

दारापलीकडून हाक आली, "वाजल्या का गं?"

"वाजल्या."

"आनंदी नाताळ, राग्ना."

मी दाराला हात लावून उभी होते. मध्ये दार होतं म्हणून मला म्हणता आलं, असं वाटतं. "आनंदी नाताळ, बेर्गस्वेन. घरी आलास ते बरं झालं."

जेवताना मी डब्यातली सगळ्यात खालची पोळी काढून त्याच्या ताटलीत ठेवली. त्यानं जाळ्याची नक्षी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि अख्खी खाल्ली. मग त्याला हातमोजे दिले. उघडून म्हणाला, "दोन अंगठे? शेडपर्यंत जायला?"

"एक बाजू झिजली की फिरवून घालायचे," मी म्हटलं. "दुसरी बाजू कोरी असते."

त्यानं ते टेबलावरच घातले, आणि गोड खीर मोज्यांनीच खाल्ली. त्याच वेळी मी ठरवलं की या माणसाला एका खुंटीवरून घराबाहेर काढायचं नाही. खुंटीवरून काढलंच नव्हतं, तुला माहीत आहे.


२८ डिसेंबर

घाट उघडला. बर्फ कापणारी गाडी दुपारी येऊन गेली, टपाल उद्या सकाळी निघणार.

तू विचारशील, आता कसं चाललंय. सांगते. परवा सकाळी बेर्गस्वेन बूट घालून उभा राहिला आणि नेहमीप्रमाणे विचारायला लागला, "आज काय..." आणि मध्येच थांबला. मी त्याला डब्यात भाकरी आणि मटण बांधून दिलं, थर्मासात कॉफी भरली. म्हटलं, "शेडवर त्या जुन्या होडीचं काहीतरी करणार होतास ना? जा." तो निघाला. मी खिडकीत उभी राहिले. खाली दिवा लागला. दिवसभर घर माझं होतं, मी लोकर पसरली, रेडिओ मोठा केला. अंधार पडला, तो दिवा मालवला गेला, आणि मी पाणी तापवलं. काल तेच, आज तेच. उशी मात्र घरी आली आहे.

आज निघताना मी विचारलं, "किती वाजता येशील?" त्याचा चेहरा बघायला हवा होतास. "सहाच्या आत," म्हणाला, आणि शिटी वाजवत उतरला.

हे टिकेल की नाही, ठाऊक नाही. आज निळ्या उजेडात बसले होते तेव्हा पहिल्यांदाच मी कुठे गेले नाही. इथेच होते. खाली शेडमधून हातोड्याचा आवाज येत होता, तो ऐकत होते.

आता एक राहिलंय. पत्र वाचलं परत पहिल्यापासून, आणि एका जागी मी तुझ्याशी हातचं राखून लिहिलंय. पोस्टात फ्योलानं "दरवर्षीचंच ना?" विचारलं आणि मी "हो" म्हटलं, तिथे गोष्ट संपली नव्हती. तिनं पेन्सिल कागदावर टेकवली, थांबली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "राग्ना, दोघांचं घालू?" तिला ठाऊक होतं तो कुठे राहतो. मी दाराबाहेर बर्फाकडे बघत होते. म्हटलं, "दोघांचंच असतं." तिनं दोन्ही नावं लिहिली. तोंडातून वगैरे काही निघून गेलं नव्हतं, दीसा. त्याला हाक मारायला मला रेडिओ लागला.

बेर्गस्वेन आत्ताच आला. मागे उभा राहून विचारतोय, दीसाला काय एवढं लिहितेयस? वरचं सगळं मी हातानं झाकलंय. त्याला म्हटलं, वाचायचं नाही, खाली नाव तेवढं घाल. हातमोजा काढायला तयार नाही, त्यामुळे अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

खाडीबाहेरच्या आमच्या एकुलत्या एका बहिणीस आनंदी नाताळ. सरत्या वर्षाबद्दल मनापासून आभार.

सोलबाक्कीहून,
राग्ना
आणि बेर्गस्वेन